तीन एसी बदलायचे होते, बदलले दोन : नेरुळमधल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

घर नवी मुंबईत, नेरुळ पश्चिमेला, पाम बीच रोडच्या अलीकडे, सिडकोच्या काळातल्या चार मजली इमारतीत. लिफ्ट नाही. फ्लॅट सगळ्यात वरचा, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी. राहणारी माणसं तीन: बँकेतून निवृत्त झालेले काका, काकू आणि ऐरोलीला आयटी कंपनीत रात्रपाळी करणारा त्यांचा मुलगा.

घरात तीन एसी होते. मुलाच्या खोलीत २०१० च्या सुमाराचा दीड टनाचा विंडो, आर-२२ गॅसवरचा. काका-काकूंच्या खोलीत २०१७ साली घेतलेला एक टनाचा स्प्लिट, ज्याचा गॅस दर उन्हाळ्यात जायचा. हॉलमध्ये दीड टनाचा जुना स्प्लिट, पाहुणे आले की लावायचा. फेब्रुवारीच्या शेवटी विंडोचा कॉम्प्रेसर बसला आणि काकांनी ठरवलं, "एकदाच काय ते तिन्ही बदलून टाकू. दर वर्षी कोण त्या मेकॅनिकच्या मागे धावणार?"

माझं काम इमारतींच्या वातानुकूलनाचे आराखडे करण्याचं, विक्रीचं नाही. काका ओळखीचे, म्हणून हातातली कोटेशनं दाखवायला आले. एक वाशीतल्या मोठ्या दुकानाचं: दीड टनाचे तीन, तिन्ही पाच स्टार, जुने तिन्ही एक्स्चेंजमध्ये, बाकीचे हप्त्यांवर. कारण असं की "हवा दमट, त्यात वरचा मजला, छोटा घेतलात तर पस्तावाल." दुसरं एका इंटिरिअरवाल्याकडून आलेलं: बाहेर एकच मोठं आउटडोअर, आत फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेली तीन इनडोअर, खर्च तीन लाखांच्या वर. तिसरं कोटेशन नव्हे, नागपूरच्या मावशींचा फोन: "एसी कशाला रे बाप्पा? दोन कूलर घेऊन टाका."

मावशींचं नागपूरपुरतं अगदी बरोबर आहे. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ती पातळी, २३ अंशांच्या आत असते. चांगला कूलर तिथे २७ अंशांची हवा फेकतो. नेरुळला मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तर हीच पातळी २८ च्या वर जाते. म्हणजे कूलरमधून येणार ती २९ अंशांची, पाण्याने जवळजवळ भरलेली हवा. घाम वाळणार नाही, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येईल ती वेगळी. आपल्याकडे पारा कमी चढतो म्हणून उष्मा सौम्य, असंही समजू नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली तेव्हा पारा नागपूरच्या मे महिन्याइतका मुळीच नव्हता.

दुकानदाराने आणखी एक गोष्ट सुचवली होती: "थोडे पैसे टाकून हॉट अँड कोल्ड घ्या, थंडीत हीटर म्हणून चालेल." नेरुळच्या थंडीला जादा पांघरूण पुरतं. या घरात ऊब लागते ती आंघोळीच्या पाण्याला, आणि ते काम गीझर करतोय. ते पैसे वाचले.

दर वर्षी गॅस का जातो?

तिन्ही सूचनांमध्ये एक प्रश्न कुणीच विचारलेला नव्हता: जुनी यंत्रं बिघडली कशाने? एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, पंधरा वर्षंही फिरतो. दर मार्चमध्ये "गॅस कमी झालाय" म्हणत कुणी भरून जात असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस हवेतच जाणार.

काका-काकूंच्या खोलीतला स्प्लिट उघडला. इनडोअरच्या कॉइलची तांब्याची नळी वळणांपाशी काळी पडलेली होती. जुनं तांबं तपकिरी होतं, खाऱ्या हवेत हिरवट होतं. काजळीसारखं काळं होण्यामागे बहुधा गंधक असतं. हायड्रोजन सल्फाईड वायू तांब्याला लागला की कॉपर सल्फाईड बनतं. एसीच्या कॉइलच्या नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते आणि एसी चालू असताना सतत ओली असते, त्यामुळे वायू त्या पाण्यात विरघळून धातू खात बसतो. शेवटी डोळ्याला न दिसणारं छिद्र पडतं. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावल्यावर बुडबुडे एका नव्हे, दोन जागी आले.

मग हा वायू येतो कुठून? काकूंचं उत्तर तयार होतं. "खाडीचा वास आहे तो. ओहोटी लागली की येतो, तीस वर्षं येतोय." खाडीचा चिखल उघडा पडला की असा वास येतो हे खरं. पण मग तो हॉलमध्येही यायला हवा, आणि तिथल्या जुन्या एसीचं तांबं चांगलं होतं. मी काकूंना विचारलं, घरात चांदी कुठे ठेवता? चांदीची भांडी याच खोलीतल्या कपाटात होती, आणि दर गौरी-गणपतीला काढताना ती कोळशासारखी काळी निघायची. चांदीला काळं करणारा वायू तोच.

खोलीला जोडून एक बाथरूम आहे, भारतीय पद्धतीच्या संडासाचं. काकूंचे गुडघे दुखायला लागल्यापासून ते वापरात नाही. तिथे आता सुटकेसी, मखराचं सामान आणि जुने पंखे. फरशीवरच्या नहाणी ट्रॅपमध्ये टॉर्च मारला तर आत पाण्याचा थेंब नाही. नहाणी ट्रॅपमध्ये जे थोडं पाणी कायम साठून राहतं, तोच मलनिस्सारणाच्या पाईपमधल्या वायूला अडवणारा पडदा. वापर थांबला, पाणी उडून गेलं, पडदा गेला. खोलीचं दार लावून रात्रभर एसी चालवायचा, म्हणजे तीच हवा पुन्हा पुन्हा त्याच कॉइलवरून फिरणार.

नऊ वर्षांत या एसीवर गॅसचे किती पैसे गेले ते काकांनी मोजलं नाही, मीही मोजायला लावलं नाही. मुद्दा पुढचा होता. त्या खोलीत वाशीच्या दुकानातला पाच स्टारवाला लावला असता तर त्याचंही हेच झालं असतं, आणि वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात गंजाबद्दल काय लिहिलंय ते तेव्हा वाचावं लागलं असतं. उपाय फुकटचा होता: दर रविवारी दोन्ही ट्रॅपमध्ये, फरशीवरच्या आणि संडासाच्या, बादलीभर पाणी, वर चमचाभर गोडेतेल म्हणजे पाणी लवकर उडत नाही. बाथरूमच्या झडपा उघड्या ठेवायच्या. वास आठवड्याभरात गेला. काकूंनी अजून खाडीवरचा आरोप मागे घेतलेला नाही.

कॉइल बदलून जुनाच चालवावा का, हाही विचार झाला. नऊ वर्षं जुन्या, इन्व्हर्टर (गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग बदलणारं तंत्र) नसलेल्या यंत्राला नवी कॉइल, वर गॅस आणि मजुरी. हिशेब नव्या एसीच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात होता. तो बदलायचं ठरलं. दुकानात "शंभर टक्के कॉपर" ही एकच जपमाळ ऐकू येते. तांबं हवं, कारण गळती झाली तर आपल्याकडचा कुठलाही मेकॅनिक ते झाळू शकतो. अॅल्युमिनियमचं तसं नाही. पण खाडीजवळच्या घरात तांब्यावर आणि कॉइलच्या पातळ पत्र्यांवर (फिन्सवर) संरक्षक लेप आहे का, आणि तो आत-बाहेर दोन्ही कॉइलवर आहे का, हे त्याहून आधी विचारावं. कधी कधी तो फक्त बाहेरच्या कॉइलवर असतो.

दिवसा झोपणारा माणूस

मुलाची खोली घरातली सगळ्यात लहान: १० बाय ११ फूट, पश्चिमेला खिडकी, वर स्लॅब. तो सकाळी कामावरून येतो, दहाच्या सुमारास झोपतो आणि संध्याकाळी पाचला उठतो. म्हणजे घरातला एसी सगळ्यात जास्त तास चालतो तो या खोलीत, तेही जगाचे एसी बंद असतात त्या वेळी आणि उन्हाच्या ऐन माऱ्यात. दोन्ही कोटेशनं देणाऱ्यांनी खोल्यांची मापं घेतली होती, कोण कधी झोपतो हे विचारलं नव्हतं.

त्याची तक्रार मला महत्त्वाची वाटली. "खोली गार होते, पण अंथरूण ओलसर लागतं. उठलो की अंग चिकट." हे लहान खोलीत मोठा एसी लावल्याचं लक्षण. दीड टनाचा जुना विंडो एसी खोली चटकन गार करतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र चालूच राहतो, आणि कॉइलवर जमलेलं पाणी बाहेर ठिबकण्याऐवजी त्याच हवेत परत उडून जातं. तापमान उतरलं, ओल तिथेच. त्यात या यंत्राची व्हेंटची दांडी उघड्या स्थितीत तुटलेली होती, म्हणजे बाहेरची दमट हवा अखंड आत.

आपल्या किनारपट्टीत एसीचं बरंचसं बळ पाणी काढण्यात जातं, नुसतं थंड करण्यात नव्हे. हवेतलं १ लिटर पाणी तासाभरात काढायला सुमारे ६८० वॉटची शीतनक्षमता खर्ची पडते. एक टन म्हणजे सुमारे ३५०० वॉट. त्यातला पाचवा हिस्सा एका लिटरमागे गेला. कंपन्यांची चाचणी आत २७ अंश आणि बाहेर ३५ अंश अशा ठरावीक हवेत होते, आणि त्या बाहेरच्या हवेत ओल नेरुळच्या मे महिन्यापेक्षा बरीच कमी धरलेली असते. म्हणून खिडकीच्या फटी बुजवणं हा इथे एसी निवडीचाच भाग आहे. जुन्या लाकडी चौकटीभोवती बोट जाईल एवढ्या फटी होत्या. विंडो एसीच्या फळ्यांभोवती तर हातच गेला असता.

मग टन किती? मी कागदावर मांडणी केली, ती अशी. गच्चीचा तापलेला स्लॅब दुपारनंतर या खोलीत सहाशे-साडेसहाशे वॉट उष्णता सोडतो. पश्चिमेची भिंत अडीचशेच्या पुढे. चारच्या उन्हात पडदा नसलेली खिडकी सहाशेच्या आसपास. झोपलेला माणूस शंभरच्या आत, बाजूला चालू राहिलेला लॅपटॉप आणि स्क्रीन दीडशे. फटींमधून येणारी हवा, तिच्या ओलीसकट, तीनशे. बेरीज दोन हजारांच्या थोडी वर. एक टनाचं यंत्र ३५०० वॉटचं. बाहेर चाळीस अंश असताना त्याची ताकद थोडी उतरते हे धरूनही ते पुरून उरतं. इथे दीड टन लावला असता, इन्व्हर्टर असला तरी, तो आपल्या किमान वेगाच्याही खाली जायला बघत राहिला असता आणि कॉइल पुरेशी गार न राहिल्याने ओल पुन्हा तशीच.

काकांचा यावर विश्वास बसेना. "अरे, वरच्या मजल्याला दीडच लागतो असं सगळेच सांगतात." सगळे सांगतात, कारण छोटा निघाला तर शिव्या दुकानदाराला बसतात, मोठा निघाला तर गिऱ्हाइकाला कळतही नाही, फक्त बिल आणि ओल वाढते.

या बेरजेतल्या दोन सर्वांत मोठ्या रकमा एसीने नव्हे, चुन्याने आणि पडद्याने कमी होण्यासारख्या होत्या. छताच्या आतल्या बाजूला इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तेव्हा मार्चच्या दुपारी चार वाजता चाळिशीच्या जवळचा आकडा आला. काँक्रीट आणि त्यावरचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) सकाळपासून ऊन पीत राहतात आणि काही तासांनी ते खाली सोडतात, त्यामुळे मुलाच्या झोपेचा उत्तरार्ध ऐन भट्टीत. गच्ची सोसायटीची. सेक्रेटरींकडे अर्ज गेला, कमिटीत नेहमीचा घोळ झाला ("एकाला दिलं तर सगळे मागतील" वगैरे, वरच्या मजल्यावर चारच फ्लॅट आहेत हे कुणी लक्षात आणून दिल्यावर तो मिटला) आणि चौघांनी मिळून आपल्या डोक्यावरच्या भागाला फेव्हिकॉल घातलेल्या चुन्याचे दोन हात दिले. छताचं तापमान चार-पाच अंशांनी उतरलं. हा चुना पावसाळ्यात जाणार, शेवाळाने काळाही पडणार. सोसायटीला वॉटरप्रूफिंग करायचंच आहे, तेव्हा वर पांढऱ्या चायना मोझॅइकचा, म्हणजे टाइलच्या तुकड्यांचा, थर घ्यावा असं कमिटीसमोर ठेवलंय. खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली. पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून आत येऊन बसतं. बाहेर अडवलेलं ऊन आत येत नाही.

स्टार किती, ते तासांवरून

स्टार लेबलवर वर्षाला लागणाऱ्या युनिटचा एक आकडा असतो. तो १६०० तास वापर धरून काढलेला असतो. हा आकडा आणि आयएसईईआर नावाचा कार्यक्षमतेचा निर्देशांक, एवढंच वाचायचं. तारे मोजत बसू नये. १ जानेवारी २०२६ पासून निकष कडक झाले, त्यामुळे आधीच्या लेबलवरचे पाच तारे आणि नंतरचे पाच तारे एक नव्हेत. लेबलवर त्याचा कालावधी छापलेला असतो, तोही पाहावा.

आमच्यासमोर एक टनाचे दोन नमुने होते. पाच स्टारचा ५३० युनिट सांगत होता, तीन स्टारचा ६९०. फरक १६० युनिटचा, किमतीतला फरक ८ हजारांचा. युनिटचा भाव कोणता धरायचा, इथे बरेच जण चुकतात. बिलाला युनिटने भागून सरासरी काढतात. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. फ्रिज, पंखे, दिवे खालचे टप्पे भरून टाकतात आणि एसीचं जवळजवळ प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात पडतं. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवून आम्ही हिशेबाला १६ रुपये धरले.

मुलाची खोली: रोज सात तास, वर्षातले सात महिने, म्हणजे साधारण १४५० तास. बचत १४५ युनिट, २३२० रुपये. साडेतीन वर्षांत जादाचे पैसे वसूल. इथे पाच स्टार घेतला. काका-काकूंची खोली: उन्हाळ्याचे आणि ऑक्टोबरचे मिळून चार महिने, रात्री सहा तास, ७२० तास. बचत वर्षाला साडेअकराशे रुपयांच्या आसपास, वसुलीला सात वर्षं. काकू तर पहाटे तीनला उठून एसी बंद करतात. इथे तीन स्टारचा इन्व्हर्टर पुरे.

दिवसा वापर असल्याचा एक फायदा मुलाला मिळू शकतो. स्मार्ट टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं) असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर दरात सवलत देतं, आणि त्याची झोप नेमकी त्यात बसते. स्मार्ट मीटरवरून इमारतीत बरीच वादावादी आहे, त्यात मी पडलो नाही. फक्त हिशेब दाखवला.

हॉलचा एसी वर्षाला जेमतेम दीडशे तास चालतो. तो आर-२२ वरचा आहे हे खरं. हा वायू ओझोनच्या थराला मारक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार मागे घेतला जातोय आणि नवी यंत्रं त्यावर निघत नाहीत. पण या यंत्रातला वायू बंद नळीत शाबूत आहे, गळती नाही. तो काढून भंगारात दिला तर नळी कापताना वायू हवेतच सोडला जाण्याची शक्यता अधिक; भंगारवाल्याला तांब्याशी मतलब. त्यामुळे तो चालेल तितका चालू द्यायचा, गळायला लागला तर मात्र पुन्हा गॅस भरायचा नाही. एक्स्चेंजमध्ये त्याचे जे मिळणार होते त्यात साधा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आला नसता. पंखे मात्र तिन्ही खोल्यांत बीएलडीसी घेतले. पंचाहत्तर वॉटच्या जागी तीसच्या आसपास, आणि पंखा असेल तर एसी २४ ऐवजी २७ वर चालतो.

फॉल्स सीलिंगवाल्या मोठ्या योजनेचं काय झालं? यंत्रणा चांगली आहे, मोठ्या घरात मी स्वतः सुचवतो. पण या घरात दिवसा एकच खोली चालणार, म्हणजे मोठ्या आउटडोअरला बहुतेक वेळ किमान भारावर रखडायला लावायचं. आणि ते एक बिघडलं की तिन्ही खोल्या एकदम बंद. त्याहून मोठं कारण इमारतीचं वय. नेरुळमध्ये सिडकोच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचं वारं आहे, या सोसायटीतही सभा होतात. उद्या भाड्याच्या घरात जायची वेळ आली तर भिंतीवरचा स्प्लिट काढून नेता येतो; भिंतीत आणि छतात गाडलेले पाईप बिल्डरच्या मलब्यात जातात. काकांनी हे ऐकलं आणि ते कोटेशन घडी करून खिशात ठेवलं. सभेत दाखवायला उपयोगी पडेल म्हणाले. कशासाठी ते मला समजलं नाही.

बसवणी

मुलाच्या खोलीत नवा इन्व्हर्टर विंडो का नको, हा रास्त प्रश्न होता. पाईप नको, बाहेर टांगणं नको, सर्व्हिस सोपी. आवाज आडवा आला. विंडोमध्ये कॉम्प्रेसर खोलीच्या तोंडाशीच असतो. मुलाचं म्हणणं उलट होतं: त्या घरघरीत समोरच्या शाळेचा गलका ऐकू येत नाही! शेवटी खिडकी पूर्ण मिळेल, उजेड-वारा येईल या काकूंच्या हट्टावर स्प्लिट ठरला. गलका अडवायला खिडकीला जाड काच बसली.

आउटडोअर कुठे ठेवायचं यावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. ड्राय बाल्कनी सोयीची, पण ती स्लायडिंग काचांनी बंद केलेली. तिथे यंत्र आपलीच सोडलेली गरम हवा परत ओढत बसतं आणि पाच स्टारचं तीन स्टार होतं. पश्चिमेच्या भिंतीवर स्टँड मारला तर चौथ्या मजल्यावर माणूस लटकून सर्व्हिस करणार, ते मला कधीच पटत नाही. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जागा होती. कमिटीने लेखी परवानगी दिली, अट एकच: स्लॅबला भोक पाडायचं नाही. पाईप कठड्यावरून उतरवले. पाच मीटर झाले, सोबत मिळणाऱ्या तीन मीटरपेक्षा दोन जास्त, त्याचे वेगळे पैसे लागले. नवा वायू आर-३२. आर-२२ पेक्षा त्याचा दाब बराच जास्त आणि तो किंचित ज्वलनशील, म्हणून भरणं, तपासणं सगळं उघड्यावर.

बसवायला आलेल्या मुलांकडे व्हॅक्यूम पंप नव्हता. "काका, थोडा गॅस मारून हवा काढून टाकतो, सगळीकडे असंच करतो." सगळीकडे असंच करतात, हे दुर्दैवाने खरं आहे. नळीत राहिलेली हवा आणि ओल तेलात मिसळून पुढे कॉम्प्रेसर खराब करते, आणि ते वॉरंटी संपल्यावर कळतं. काकांनी चहा पाजून त्यांना पंप आणायला परत पाठवलं. त्यांनी आणलाही. काका-काकूंच्या खोलीत जुनेच पाईप वापरतो म्हणाले, तेही नाकारलं. त्या पाईपांची टोकंही काळी होती.

विजेचं काम कोटेशनमध्ये कुठेच नव्हतं. मुलाच्या खोलीतल्या एसीच्या पॉइंटवर गीझरही जोडलेला निघाला, वायर जुनी आणि बारीक, सॉकेट एका बाजूने वितळलेला. दोन्ही एसींना मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा) आणि घराला आरसीसीबी (विजेची गळती झाली की तोडणारा) घेतला. स्टॅबिलायझर घेतला नाही. यंत्र ज्या व्होल्टेजच्या पट्ट्यात चालतं असं लिहिलंय, त्याच्या बाहेर या इमारतीतलं व्होल्टेज जाताना दिसलं नाही.

दोन एसी, वायरिंग, पंखे, चिक, काच आणि चुन्याचा वाटा मिळून झालेला खर्च वाशीच्या दुकानातल्या तीन एसींच्या कोटेशनपेक्षा कमीच राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, पण दुकानाचा कागदही त्यानंतरचाच होता, म्हणजे तुलना सरळ आहे.

मेच्या मध्यावर जाऊन आलो. मुलाच्या खोलीत छोटा आर्द्रतामापक ठेवलाय: दुपारी तीन वाजता २७ अंश आणि ५५ टक्के, पंखा दोनवर. ड्रेनच्या पाईपखाली काकूंनी बादली ठेवलीय, ते पाणी फरशी पुसायला जातं. काका-काकूंच्या खोलीतल्या नव्या कॉइलचे फोटो काढून ठेवलेत. दिवाळीआधीच्या सर्व्हिसला कव्हर उघडेल तेव्हा तांब्याचा रंग ताडून बघायचा. चायना मोझॅइकचा विषय कमिटीच्या पुढच्या सभेत आहे, पुनर्विकासाच्या विषयानंतर.